वाऱ्यावर दिवे लावणारे गुरुजी



नववीच्या वर्गाची सहल सौंदत्तीला गेली होती. यल्लम्मा देवीचे दर्शन झाले, नविलुतीर्थाचे धरण पाहून झाले, झाडाखाली बसून डबे खाऊन झाले. परतताना मात्र सगळी मुले बसच्या एकाच बाजूला गोळा झाली. कारण होते माळावर उभ्या असलेल्या उंच पवनचक्क्या. एवढा मोठा खांब आणि त्याला पाती मात्र तीनच! जास्त पाती लावली तर जास्त वारा सापडेल आणि जास्त वीज मिळेल, मग इथे काटकसर का केली, असे एका मुलीने आम्हाला विचारले.

शाळेत आल्यावर काही मुलांनी स्वतःच प्रयोग करून पाहिला. प्लास्टिकच्या पाइपाचे उभे काप काढून आठ पाती तयार केली, सायकलचा जुना डायनॅमो आणला आणि गच्चीवर ही घरगुती पवनचक्की उभी केली. वारा आला, चक्की डौलाने फिरू लागली, पण दिवा काही लागला नाही. मुले हिरमुसली. आम्हालाही त्याचे कारण तिथल्या तिथे सांगता आले नाही. ते शोधता शोधता आमची गाठ पडली ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिवंगत झालेल्या एका शिक्षकाशी. त्यांचे नाव पोल ला कूर. डेन्मार्क देशात हे नाव आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून या अंकात त्यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

पोल ला कूर यांचा जन्म १३ एप्रिल १८४६ रोजी डेन्मार्कमधील एबेलटोफ्ट गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांनी हवामानशास्त्राचे शिक्षण घेतले. १८७२ साली डेन्मार्कची हवामान संस्था स्थापन झाली, तेव्हा वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ते तिचे उपसंचालक झाले. राजधानी कोपनहेगनमध्ये मानाची नोकरी मिळाली. जोडीला संशोधनही चालूच होते. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश कसे पाठवता येतील, या प्रश्नाने त्या काळी जगभरच्या संशोधकांना पछाडले होते. ला कूर यांनी नादकाट्याच्या कंपनांवर ठरावीक वेगाने फिरणारे एक चाक तयार केले आणि तारायंत्राच्या कामात मोठी भर घातली. पुढे काही लोक त्यांना डेन्मार्कचा एडिसन म्हणू लागले ते उगीच नव्हे. अशा माणसाने राजधानीत राहून नाव आणि पैसा मिळवावा, अशीच कोणाचीही अपेक्षा असणार.

पण १८७८ साली ला कूर यांनी राजधानी सोडली आणि आस्कोव नावाच्या एका खेड्यातील शाळेत ते गणित आणि विज्ञानाचे शिक्षक झाले. ही शाळा कोणती, हे सीमाभागातल्या आपल्या वाचकांनी जरा लक्ष देऊन वाचावे.

डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग नावाचे एक धर्मगुरू आणि विचारवंत होऊन गेले. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींना मातृभाषेत इतिहास, साहित्य आणि व्यवहाराचे ज्ञान मिळावे, परीक्षेची धास्ती नसावी, शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र राहून शिकावे, असा विचार त्यांनी मांडला. त्यातून लोकशाळा निघाल्या. पहिली लोकशाळा १८४४ साली श्लेस्विग प्रांतातील रोडिंग गावी सुरू झाली. पुढे १८६४ साली डेन्मार्कचा युद्धात पराभव झाला, श्लेस्विग प्रांत हातचा गेला आणि नव्या सरहद्दीमुळे रोडिंग परक्या राज्यात गेले. तेथील माणसे डॅनिश बोलत होती, पण राज्यकारभार जर्मन भाषेत चालू लागला. १८८८ साली तर त्या भागातील शाळांतून धर्मशिक्षणाचे तास सोडून बाकी सारे शिक्षण जर्मन भाषेतच द्यावे असा हुकूम निघाला.

रोडिंगच्या शाळेतले शिक्षक लुडविग श्रोडर आणि त्यांचे सहकारी युद्धानंतर सरहद्दीच्या अलीकडे आले आणि १८६५ साली त्यांनी आस्कोव येथे पुन्हा शाळा उभी केली. सरहद्द तिथून जवळच होती. ती ओलांडून पलीकडची तरुण मुलेही आपल्या भाषेत शिकायला अलीकडच्या शाळांत येत असत. पुढे १९२० साली लोकांचे मत घेऊन उत्तर श्लेस्विग पुन्हा डेन्मार्कला जोडले गेले. दोन देशांची गोष्ट आणि एकाच देशातल्या दोन राज्यांची गोष्ट सारखी नसते, ही तुलना ताणू नये हे आम्हीही जाणतो. तरीपण सीमेवरची शाळा म्हणजे काय, तिच्याकडून समाज काय काय अपेक्षा ठेवतो आणि तिच्या शिक्षकांच्या मनावर कसले ओझे असते, हे बेळगाव-निपाणीच्या माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा शाळेत विज्ञानाचे काय काम, असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. भाषा, गीते, इतिहास यांवरच अशा शाळेचा भर असणार. ला कूर यांनी विज्ञानसुद्धा गोष्टीसारखे शिकवायला सुरुवात केली. सूत्र आधी सांगायचे आणि मग ते पाठ करून घ्यायचे, ही पद्धत त्यांना मान्य नव्हती. माणसाला एखादा प्रश्न कधी पडला, त्याने कोणत्या चुका केल्या, त्यातून तो पुढे कसा गेला, या क्रमाने ते गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. या पद्धतीवर त्यांनी पुस्तके लिहिली. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे सहकारी याकोब आपेल सहलेखक होते. हेच आपेल पुढे डेन्मार्कचे शिक्षणमंत्री झाले.

ला कूर यांना एक काळजी मात्र सतावत होती. शहरांत विजेचे दिवे येऊ लागले होते, कारखाने निघत होते आणि खेड्यातली तरुण मुले गाव सोडून शहराकडे चालली होती. शाळेने भाषा टिकवली, पण गावात पोटापाण्याचे साधनच नसेल तर ती भाषा बोलायला गावात राहणार कोण? खेड्यात वीज आली तर लहान उद्योग तिथेच उभे राहतील, शेतकऱ्याचे कष्ट कमी होतील, असा विचार त्यांनी केला. पण वीज आणायची कोठून? डेन्मार्कमध्ये डोंगर नाहीत, मोठे धबधबे नाहीत, कोळशाच्या खाणी नाहीत. आपल्या गोकाकला धबधब्याच्या पाण्यावर गिरणी चालू झाली ती १८८७ साली. तसे भाग्य त्या सपाट देशाला नव्हते. तिथे भरपूर होता तो फक्त वारा.

वाऱ्यावर वीज करण्याचे प्रयत्न तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी आपल्या सुटीतल्या घराजवळ कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि घरात दिवे लावले. उरलेली वीज त्यांनी गावाला देऊ केली, तर गावकऱ्यांनी हा सैतानाचा खेळ म्हणून ती नाकारली! त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी आपल्या बंगल्यामागे १४४ लाकडी पात्यांची प्रचंड पवनचक्की बांधली. तिची कमाल वीज होती फक्त १२ किलोवॅट. म्हणजे पाती पुष्कळ आणि वीज त्या मानाने थोडी. आमच्या मुलांच्या आठ पात्यांची आठवण तुम्हाला झालीच असेल.

१८९१ साली ला कूर यांनी सरकारकडून अनुदान मिळवले आणि आस्कोवच्या शाळेजवळ प्रयोगासाठी पवनचक्की उभारली. पहिली अडचण आली ती वाऱ्याच्या लहरीपणाची. वारा कधी मंद, कधी सोसाट्याचा. त्याच्यातली शक्ती तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते! डायनॅमोला मात्र एकसारखी गती हवी असते. ला कूर यांनी पट्टे, पुली आणि वजने वापरून एक साधी युक्ती काढली. वारा जास्त झाला तरी डायनॅमोकडे ठरावीक इतकेच बळ पोहोचेल अशी ती रचना होती. तिला त्यांनी क्रॅटोस्टॅट हे नाव दिले. गावातल्या लोहाराला किंवा गिरणीवाल्याला दुरुस्त करता येईल इतके ते काम सोपे होते.

दुसरी अडचण त्याहून मोठी. वारा पडला की दिवे बंद, मग वीज साठवायची कशी? त्या काळी बॅटऱ्या महाग होत्या. ला कूर यांनी पवनचक्कीच्या विजेने पाण्याचे विघटन केले आणि हायड्रोजन व ऑक्सिजन हे दोन वायू टाक्यांत साठवले. आठवीच्या मुलांनी हा प्रयोग परीक्षानळीत पाहिला आहे. ला कूर यांनी तो टाक्या भरून केला. १८९५ ते १९०२ अशी सात वर्षे आस्कोवच्या शाळेत या वायूचे दिवे जळत होते. वाऱ्याने दिवा विझतो हे आपण लहानपणापासून पाहतो. तिथे तर वाऱ्यामुळेच दिवे लागत होते.

हे सारे सुरळीत पार पडले असे समजू नका. हायड्रोजनमध्ये ऑक्सिजन मिसळला तर स्फोट होऊ शकतो. तसे स्फोट झालेही आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा एकदा नव्हे, अनेकदा नव्याने बसवाव्या लागल्या. आपल्या शाळेत कोणी असा प्रयोग केला असता तर आम्ही मुख्याध्यापक म्हणून काय केले असते, याचा विचार हे वाचताना मनात आला. प्रामाणिकपणे सांगायचे तर बहुधा पहिल्याच स्फोटानंतर तो बंद करवला असता. आस्कोवच्या चालकांनी शिक्षकावर विश्वास ठेवला. काचा पुन्हा बसवल्या आणि प्रयोग चालू राहिला. विश्वस्त मंडळींनी या गोष्टीची नोंद घ्यावी, अशी आमची नम्र विनंती. मुलांनी मात्र हायड्रोजनचा प्रयोग शिक्षकांशिवाय कधीही करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो.

आता मुलीच्या प्रश्नाचे उत्तर. ला कूर यांच्या आधी पवनचक्कीची पाती परंपरेने आणि अंदाजाने बनत. १८९६ च्या सुमारास त्यांनी एक मोठा पोकळ नळा केला, त्यातून पंख्याने वारा सोडला आणि लहान लहान पाती निरनिराळ्या आकारांत व कोनांत ठेवून त्यांच्यावर पडणारे बळ मोजले. असे प्रयोग जगात फारच थोड्या लोकांनी केले होते. त्यातून दिसून आले की पाती पुष्कळ लावली तर चक्की जोर लावते, पण सावकाश फिरते. विहिरीचे पाणी उपसायला ते ठीक. वीज करायला मात्र वेग हवा असतो. पाती थोडी, नीट आकाराची आणि योग्य कोनात असली तर चक्की भरभर फिरते आणि त्याच वाऱ्यातून अधिक काम निघते. १८९७ साली त्यांनी आधीपेक्षा बरीच मोठी चक्की बांधली आणि पुढे आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने छापून लोकांपुढे ठेवले. सौंदत्तीच्या माळावरील तीन पात्यांमागे अशा मोजमापांची परंपरा आहे.

१९०२ च्या सुमारास आस्कोवची पवनचक्की गावाचे वीजकेंद्र झाली. आता बॅटऱ्यांचा उपयोग होऊ लागला होता आणि वारा फार दिवस पडला तर मदतीला इंजिन ठेवलेले असे. वारा पडला की बॅटरीतली वीज उलटी डायनॅमोकडे वाहू लागते आणि वाया जाते. ते टाळण्यासाठी ला कूर यांनी आपोआप जोडणी तोडणारी कळ तयार केली. आजही घरगुती पवनचक्कीत बॅटरीची वीज उलटी जाऊ नये याची सोय करावीच लागते, फक्त तिथे कळीच्या जागी एक लहानसा डायोड बसतो.

यानंतर त्यांनी जे केले ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. चक्की तयार झाली, पण गावोगाव ती बसवणार कोण आणि बिघडली तर पाहणार कोण? १९०३ साली त्यांनी ग्रामीण भागात वीज नेण्यासाठी एक संस्था काढली आणि १९०४ पासून शेतकऱ्यांच्या मुलांसाठी वीजतंत्राचा अभ्यासक्रम सुरू केला. तारा ओढणे, डायनॅमो जोडणे, बॅटऱ्यांची निगा राखणे हे सारे मुले तिथे शिकत आणि आपल्या भागात परत जाऊन काम करीत. विजेचे शिक्षण घेण्यासाठी गाव कायमचे सोडण्याची गरज उरली नाही.

२४ एप्रिल १९०८ रोजी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी ला कूर यांचे निधन झाले. पण काम थांबले नाही. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारे इंधन दुर्मिळ झाले, तेव्हा खेड्यांना या चक्क्यांनी आधार दिला. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सुमारे १२० लहान वीजकेंद्रे वाऱ्यावर चालत होती. पुढे तेल स्वस्त झाले, मोठी वीजकेंद्रे आली आणि लोक पवनचक्कीला विसरू लागले. १९२९ साली आस्कोवची चक्कीही आगीत जळाली.

इथे ही गोष्ट संपायची, पण संपली नाही. १९०४ च्या त्या पहिल्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा बसला होता. तो मोठा होऊन वीज कंपनीत अभियंता झाला आणि गुरुजींनी शिकवलेले पन्नास वर्षे विसरला नाही. १९५७ साली गेडसर येथे त्याने २०० किलोवॅटची तीन पात्यांची पवनचक्की उभी केली. ती सुमारे दहा वर्षे उत्तम चालली. १९७३ साली जगात तेलाचे संकट आले तेव्हा सर्वांना तिची आठवण झाली. १९७० च्या दशकात क्रिस्टियान रिसागेर नावाच्या एका सुताराने त्याच धर्तीवर घरच्या घरी २२ किलोवॅटची चक्की तयार केली. अशा कारागिरांच्या हातून डेन्मार्कचा नवा पवनचक्की उद्योग उभा राहिला. २०२३ साली त्या देशाच्या एकूण विजेत निम्म्याहून अधिक वाटा वाऱ्याचा होता.

चक्की जळाली, पण विद्यार्थी टिकला. शिक्षकाची खरी मिळकत कोणती, हे यापेक्षा वेगळे काय सांगावे?

आपल्या मातीतही असे धडपडे लोक झाले आहेत. सौंदत्ती परिसरातल्याच गुर्लहोसूर गावी १८६९ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर जन्मले. बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लक्ष्मणरावांनी शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर तयार केला. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो. हा रस्ता कोणाच्या नावाचा, हे मुलांना विचारून पाहावे. लक्ष्मणरावही काही काळ मुंबईला शिक्षक होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

पालकहो, आपली मुले दहावी-बारावीनंतर पुण्याला, बेंगळुरूला, मुंबईला जातात. जावे, मोठे व्हावे, त्यात आम्हाला आनंदच आहे. पण आपल्या भाषेची शाळा चालवतो म्हणजे केवळ भाषेची राखण करतो असे नव्हे. त्या भाषेत मुलाने प्रश्न विचारावा, हाताने काही घडवून पाहावे, ते फसले तर पुन्हा करावे आणि शिकलेले गावाच्या उपयोगी पडावे, एवढे झाले तरच शाळेचा आणि भाषेचाही जीव टिकतो. ला कूर गुरुजींनी सीमेवरच्या खेड्यात तीस वर्षे हेच केले.

राहता राहिली गच्चीवरची पवनचक्की. आठ पाती काढून मुलांनी तीनच ठेवली, तीही टोकाकडे निमुळती आणि थोडी पीळ दिलेली. पाती आता सायकलच्या जुन्या चाकाला बांधली आहेत आणि डायनॅमोचे लहान चाक मोठ्या चाकाच्या टायरवर टेकवले आहे, म्हणजे मोठे चाक एकदा फिरले की डायनॅमो अनेकदा फिरतो. परवा चांगला वारा सुटला आणि सायकलचा दिवा मिणमिणला. फार नाही, चारपाच मिनिटेच. मग पट्टी सुटली आणि एक पाते खाली आले. सुदैवाने खाली कोणी नव्हते. आता मुलांनी गच्चीच्या दाराला कडी लावून, शिक्षकांच्या देखरेखीखाली पाती नटबोल्टने बसवण्याचे काम घेतले आहे.

ज्या पालकांचे वेल्डिंगचे, लेथचे किंवा मोटार वाइंडिंगचे काम आहे त्यांनी एखाद्या शनिवारी दुपारी शाळेत यावे आणि मुलांना हात द्यावा, ही विनंती. वारा तर आपल्याकडे फुकट आहेच.